बिलाची तारीख आणि हप्त्याची तारीख

कागल तालुक्यातल्या घरांत पैसा तारखेनं येतो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी जमा होतं. ऊस कारखान्याला गेला की चौदा दिवसांत एफआरपीची, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम मिळावी आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तसं घडलं नाही तर काय करायचं, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेपासून साखर सहसंचालकांच्या दारापर्यंत जाऊन तो आपले थकलेले पैसे हक्कानं मागत आला आहे. पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याच्या पगाराचीही तारीख ठरलेली असते. त्याच घरातला तरुण नोकरी सोडून स्वतःची शेड टाकतो, तेव्हा मात्र चित्र उलटं होतं. बँकेचा हप्ता, वीजबिल, कामगारांचा पगार, शेडचं भाडं, जीएसटी या सगळ्यांच्या तारखा पक्क्या असतात आणि येणाऱ्या पैशाची एकही तारीख पक्की नसते. नव्या धंद्यात माणसाची जी ओढाताण होते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं. म्हणून पहिल्या दोन वर्षांत मालकानं सगळ्यात आधी सांभाळायच्या त्या या तारखा. मशीन, गिऱ्हाईक, माणसं, स्वतःचा वेळ यांचे बरेचसे प्रश्न त्यातून सुटतात किंवा निदान नीट दिसू लागतात.

धंदा बंद पडण्याचं कारण विचारलं की पहिलं उत्तर येतं, काम मिळालं नाही. जगात बंद पडणारे धंदे थोडे नाहीत. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकड्यांनुसार तिथले साधारण एक पंचमांश नवे व्यवसाय पहिल्याच वर्षात बंद होतात आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. कामाचा तुटवडा हे त्यामागचं एक कारण आहेच. पण कागलच्या माळावर ते कारण तितकंसं लागू होत नाही. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनी कोल्हापुरात इंजिनं बनवण्याचा पाया घातला, त्यावर शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं, मग शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शेवटी कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. आज या पट्ट्यात शेकडो फौंड्र्या आहेत, किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारखे मोठे कारखाने आहेत. त्यांना लागणारं टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग आसपासच्या छोट्या शेडमधून होतं. ओळख, अनुभव आणि बऱ्यापैकी हात असलेल्या माणसाला इथं जॉबवर्क मिळतं. शेडमध्ये कास्टिंगचे ढीग लागलेले, दोन पाळ्या चालू आणि तरी मालक हप्त्यासाठी कुणाकडून तरी हातउसने मागतो आहे, ही अवस्था या पट्ट्याला अनोळखी नाही. कामाच्या तुटवड्यानं हे होत नाही, आणि बऱ्याचदा तोट्यानंही होत नाही. ते कसं होतं, हे आकड्यांत पाहू.

समजा, तीन सीएनसी मशीनची शेड आहे. महिन्याचं बिल चार लाख होतं. सहा कामगारांचा पगार एक लाख, मशीनचे हप्ते साठ हजार, वीज चाळीस हजार, टूल, इन्सर्ट आणि कूलंट तीस हजार, भाडं वीस हजार, टेम्पो आणि किरकोळ दुरुस्ती दहा हजार. झाले दोन लाख साठ हजार. मालकाच्या घरखर्चाला चाळीस हजार धरले तर महिन्याला तीन लाख बाहेर जातात. चार लाखांवर एक लाख शिल्लक. कागदावर धंदा फायद्यात आहे. आता गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतं असं धरा. एक एप्रिलला काम सुरू झालं, महिन्याअखेर पहिलं बिल गेलं, त्याचे पैसे जुलैअखेर आले. एप्रिल, मे, जून, जुलै असे चार महिने तीन-तीन लाख खिशातून गेले: बारा लाख. १८ टक्के जीएसटी धरला तर चार लाखांवर बहात्तर हजार होतात. खरेदीवरचा परतावा वजा करून साठेक हजार भरावे लागतील असं समजू. तो कर पैसे आले नसले तरी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. जुलैअखेरपर्यंत असे तीन भरणे झाले. म्हणजे पहिला रुपया हाती येण्याआधी जवळपास चौदा लाख रुपये या शेडमध्ये मुरले. हेच गिऱ्हाईक पंचेचाळीस दिवसांत पैसे देत असेल तर हा आकडा आठ लाखांच्या आसपास राहतो. दर तोच, मशीनं तीच, कामगार तेच. फक्त पैसे येण्याच्या तारखेमुळे सहा लाखांचा फरक पडला. आणि हे पैसे एकदा अडकले की धंदा चालू असेपर्यंत अडकलेलेच राहतात, कारण जुनं बिल सुटतं तोवर नवं तिथं येऊन बसलेलं असतं.

ही गोष्ट बँकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेनं १९९१ मध्ये नेमलेल्या नायक समितीनं छोट्या उद्योगांसाठी सोपा हिशेब घालून दिला: वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के रक्कम खेळतं भांडवल म्हणून लागते असं धरा, त्यातले २० टक्के बँकेनं द्यावेत आणि ५ टक्के उद्योजकानं स्वतःचे घालावेत. आपल्या शेडची उलाढाल वर्षाला अठ्ठेचाळीस लाख. त्याचे २५ टक्के बारा लाख होतात, म्हणजे वर जीएसटी धरण्याआधी काढलेला आकडाच पुन्हा येतो. यातले नऊ लाख साठ हजार बँकेचे, दोन लाख चाळीस हजार आपले. तरीही नवा उद्योजक बँकेत जातो तो मशीनचं कोटेशन घेऊन, आणि मशीनचं कर्ज मंजूर झालं की पेढे वाटतो. खेळत्या भांडवलाची, म्हणजे कॅश क्रेडिटची मागणी त्यानं केलेलीच नसते. सहा महिन्यांनी तो पुन्हा बँकेत जातो तेव्हा दोन हप्ते उशिरा गेलेले असतात आणि बँकेचा अधिकारी साहजिकच हात आखडता घेतो. म्हणून प्रकल्प अहवाल करून घेताना मशीन आणि कॅश क्रेडिट दोन्ही एकाच अर्जात मागा. छोट्या उद्योगाला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची २०१० पासूनची सूचना आहे आणि त्यापुढच्या रकमेसाठी पतहमी निधीची सोय आहे. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यातलं अनुदान हाती पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेलं असतं आणि मग कर्जात वळतं होतं. त्या अनुदानाच्या भरवशावर टूल खरेदी करायची योजना आखणारा पहिल्याच तिमाहीत अडचणीत येतो.

तारखांमध्ये सगळ्यात कठोर तारीख जीएसटीची. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला मागच्या महिन्याच्या विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि कर २० तारखेपर्यंत भरावा लागतो. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही विवरणपत्राची सवलत घेता येते. कागदाचं काम त्यानं हलकं होतं, पण कर मात्र दर महिन्यालाच भरायचा असतो. हा पैसा आपला नाही, सरकारच्या वतीनं आपण तो गोळा करतो. त्यामुळे बिलाचे पैसे खात्यावर आले की त्यातला कराचा भाग त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकण्याची सवय लावून घ्या. नोंदणी कधी लागते याबद्दल कागलमध्ये एक विशेष घोळ होतो, कारण आपण राज्याच्या हद्दीवर राहतो. माल विकणाऱ्याला चाळीस लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. जॉबवर्क ही कायद्याच्या भाषेत सेवा आहे, म्हणून तिथं मर्यादा वीस लाखांची. पण घरी मसाला किंवा चिवडा करून विकणाऱ्या ताईंनी पहिलं खोकं कोगनोळीच्या टोलनाक्यापलीकडे निपाणीच्या दुकानदाराला विकलं, की ती परराज्यातली विक्री होते. करपात्र मालाच्या अशा विक्रीला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यात सूट आहे, सेवेलाही वीस लाखांपर्यंत आहे, खाद्यपदार्थांना नाही. रोजच्या बाजारासाठी निपाणीला जाणाऱ्याला ती परराज्य वाटत नाही, पण कायदा हद्द मोजतो.

आता येणाऱ्या पैशाच्या तारखेकडे वळू. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ साली झाला. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं तो सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते आणि परिषदेच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. उसाच्या चौदा दिवसांइतकाच हा सुद्धा कायदाच आहे. पण ऊसकरी बाप आपला चौदावा दिवस बोटावर मोजतो आणि उद्योजक मुलाला आपला पंचेचाळिसावा दिवस कधी उलटला हेही सांगता येत नाही. या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी लागते. ती आधार क्रमांकावर होते, मोफत होते, त्यासाठी कुणाला हजार-दोन हजार देण्याचं काहीही कारण नाही. पहिलं बिल काढण्याआधी ती झालेली असावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांनाही उद्यम नोंदणी मिळते, मात्र ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या पैशांचं संरक्षण त्यांना नाही, म्हणून त्यांनी उधारी आणखी जपून द्यावी.

कायदा हाताशी असूनही बहुतेक वाद हरले जातात ते चलनाच्या कागदावर. माल कारखान्याच्या गेटवर पोचतो तो क्षण नीट पाहा. टेम्पोवाला गाडी लावतो, सिक्युरिटीवाला नोंद करतो, स्टोअरमधला माणूस मोजून घेतो आणि चलनाच्या एका प्रतीवर काहीतरी गिरवून देतो. कधी नुसती सही, तारीख नाही. कधी शिक्का आहे पण नगसंख्या खोडलेली. कधी ‘तपासणीच्या अधीन’ एवढाच शेरा. ती प्रत टेम्पोच्या डॅशबोर्डवर चार दिवस ऊन खात पडते आणि मग हरवते. दोन महिन्यांनी हिशेब मिळवायला बसलं की कळतं, अडीचशे नगांपैकी चाळीस रिजेक्ट धरून डेबिट नोट लावली आहे, आणि आपल्याकडे दाखवायला काही नाही. याच कायद्यात अशी तरतूद आहे की माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर त्यानं माल स्वीकारला असं मानलं जातं. पण पंधरा दिवस मोजायचे तर माल पोचल्याची तारीख सहीशिक्क्यासह आपल्याकडे पाहिजे. म्हणून टेम्पोवाल्याला एवढंच सांगा: चलनावर तारीख, नगसंख्या, सही आणि शिक्का असल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि गेटवरूनच त्या प्रतीचा फोटो पाठवायचा. बोअर मोठा झाल्यामुळे नग खरोखरच रिजेक्ट झाले असतील तर ते परत मागवून स्वतः मोजा. चूक आपली असेल तर नुकसान सोसा, पण न पाहता डेबिट नोट स्वीकारू नका. कच्च्या कास्टिंगमधलाच दोष असेल तर तो मशीनवर चढवण्याआधी लिहून कळवा. मशीनिंग झाल्यावर तो दोष आपल्या गळ्यात पडतो.

यावर पहिला आणि सगळ्यात खरा आक्षेप असा की कायदा कितीही असो, पैसे मागितले की पुढची ऑर्डर बंद होते. ही भीती खोटी नाही. महिन्याचं सगळं बिल ज्याच्याकडे जातं, त्याच्याविरुद्ध परिषदेकडे तक्रार करायला कोण धजावेल? तक्रार हा शेवटचा मार्ग आहे आणि बहुधा संबंध तुटल्यावरच तो वापरला जातो, हे मान्य करून पुढं जाऊ. पण मागणं म्हणजे भांडण असं समजण्याचं कारण नाही. मोठ्या कंपनीत ऑर्डर देणारा खरेदी विभाग वेगळा आणि पैसे सोडणारा लेखा विभाग वेगळा. बिल अडकतं ते अनेकदा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाली नाही, पीओचा, म्हणजे खरेदी आदेशाचा नंबर चुकला, दर जुना लावला अशा कारणांनी. बिल पोचलं का, नोंद झालं का, हे आठव्या दिवशी विचारणं ही वसुली नव्हे, पाठपुरावा आहे, आणि त्याचा राग सहसा कुणाला येत नाही. पंचेचाळिसाव्या दिवशी पहिला फोन करणारा माणूस मात्र चिडून बोलतो, कारण तोवर त्याचा हप्ता तुंबलेला असतो. शिवाय आता वेळेवर पैसे देण्यात खरेदीदाराचाही फायदा आहे. २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरात बदल केला, त्यामुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगाची रक्कम या मुदतीत दिली नाही तर ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करून घेता येत नाही. जीएसटीतही, पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेला परतावा उलटवावा लागतो. मार्चच्या आधी लेखा विभागाला नम्रपणे पाठवलेलं थकबाकीचं पत्र म्हणूनच कामाला येतं. आयकरातल्या बदलामुळे मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे काम वळवतील, अशी भीती व्यापारी संघटनांनी बोलून दाखवली होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण दर्जा आणि वेळ पाळणारा मशीनवाला एका फोनवर बदलता येत नाही, ही बाजूही लक्षात घ्यायला हवी. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या व्यवस्थेवर नोंदणी बंधनकारक आहे. तिथं कंपनीनं मंजूर केलेलं बिल बँका बट्टा कापून लगेच सोडवतात. आपलं गिऱ्हाईक त्यात असेल तर चौकशी करा. दीड-दोन महिने वाट पाहण्यापेक्षा तो बट्टा अनेकदा स्वस्त पडतो.

दुसरा आक्षेप असा की सुरुवातीला कामाला नाही म्हणणं नव्या माणसाला परवडत नाही. इथं माझं मत थोडं कडक आहे. वरच्या हिशेबात बिल चार लाखांवरून आठ लाखांवर गेलं, तर अडकणारी रक्कमही जवळपास दुप्पट होते, आणि ती आधी जाते, नफा मागाहून येतो. वाढत्या धंद्यातच पैशाची चणचण जास्त भासते ती यामुळे. म्हणून नवं काम घेताना दराइतकंच महत्त्व मुदतीला द्या. नगामागं दोन रुपये कमी पण तीस दिवसांत पैसे देणारं गिऱ्हाईक, दोन रुपये जास्त देऊन चार महिने टांगणाऱ्यापेक्षा नव्या शेडला अधिक मानवतं. आणि एकाच गिऱ्हाइकावर सगळी शेड चालवू नका. २०१९ मध्ये वाहन उद्योग मंदावला तेव्हा त्याची झळ कोल्हापूरच्या फौंड्र्यांना आणि त्यांच्यामागच्या जॉबवर्कवाल्यांना लगेच पोचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद पडला. कागलला पाणी नसलं तरी पुण्याकडं जाणारा माल अडकलाच. पंप, शेतीची अवजारं, कापडगिरण्यांचे सुटे भाग असं वाहन उद्योगाबाहेरचं थोडं काम आणि दोन महिन्यांच्या हप्त्याएवढी बाजूला ठेवलेली रक्कम, एवढी तयारी पहिल्या वर्षात जमली नाही तरी दुसऱ्या वर्षात जमवायला हवी.

मालकाच्या वेळेचा प्रश्नही याच धाग्यात येतो. आपल्याकडचा नवा उद्योजक बहुधा उत्तम कारागीर असतो. टर्नर आला नाही की तो स्वतः मशीनवर उभा राहतो, आणि त्यात त्याला अभिमानही वाटतो. तो अभिमान योग्यच आहे. पण ज्या संध्याकाळी तो मशीनवर असतो, त्या संध्याकाळी बिलं निघत नाहीत. बिल आठ दिवस उशिरा गेलं तर पैसेही आठ दिवस उशिरा येतात. मशीनवरच्या दोन तासांत त्यानं हजारभर रुपये वाचवले असतील, पण चार लाखांचं बिल आठवडाभर मागं पडलं. म्हणून रोजचा एक तास, पाळी बदलण्याच्या वेळेआधीचा किंवा सकाळी शेड उघडण्याआधीचा, टेबलासाठी राखून ठेवा: कालची चलनं, आजची बिलं, ज्यांची मुदत भरत आली त्यांना फोन, आणि रोजमेळ. त्या तासात मशीनला हात लावायचा नाही. याच टेबलावर दराचाही उलगडा होतो. तीन मशीनं, दोन पाळ्या, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे बाराशे तास. तीन लाखांना बाराशेनं भागलं की तासाला अडीचशे रुपये खर्च निघतो आणि माणूस तीनशेच्या दरानं खुशाल ऑर्डर घेतो. पण सेटिंग, टूल बदलणं, वीज जाणं, कामगार न येणं, कास्टिंगची वाट पाहणं यांत तीस टक्के वेळ गेला तर मशीनं चालतात आठशे चाळीस तास, आणि खरा खर्च पडतो तासाला तीनशे सत्तावन्न. किती तास मशीन थांबली, याची भिंतीवरच्या फळ्यावर रोज नोंद ठेवली तर महिन्याभरात आपला खरा आकडा कळतो. दुसऱ्या शेडचा दर ऐकून आपला दर ठरवणं त्यानंतर आपोआप बंद होतं.

कामगारांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचं तर पगाराची तारीख चुकवू नका. गिऱ्हाइकाकडून पैसे आले नाहीत म्हणून पगार थांबवणारी शेड चांगला ऑपरेटर गमावते. वसाहतीत त्याला दुसरीकडे उभं राहायला वेळ लागत नाही. उचल द्यायची तर वहीत सही घेऊन, आणि दरमहा किती वळती करायची ते त्याच वेळी ठरवून द्या. दिवाळीचा बोनस दर महिन्याला थोडा थोडा बाजूला काढला तर ऑक्टोबरात धाप लागत नाही. दहा कामगार झाले की ईएसआय आणि वीस झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. हा आकडा ओलांडण्याआधी तो खर्च दरात धरलेला असावा.

तिसरा आक्षेप घरातून येतो: धंदा घरचाच आहे, मग घरखर्चाचे पैसे वेगळे कशाला? वरच्या हिशेबातले चाळीस हजार पुन्हा पाहा. मालकानं ते पगार म्हणून ठरल्या तारखेला घेतले तर तो खर्च दिसतो. लागेल तसे गल्ल्यातून उचलले तर कधी वीस होतात, लग्नसराईत ऐंशी होतात, आणि वर्षाअखेर नफा कुठं गेला ते सापडत नाही. उलट दिशेनंही हेच होतं. हप्त्यासाठी दुधाचं बिल, उसाचं बिल, बायकोचे दागिने, भिशी, पतसंस्थेचं कर्ज असं एकेक शेडकडं वळत जातं. शेती आणि जोडधंदा असलेल्या कुटुंबात या मदतीशिवाय कुणाचा धंदा उभा राहत नाही, आणि ती घेण्यात कमीपणाही नाही. पण घरातून आलेला प्रत्येक रुपया वहीत घरचं कर्ज म्हणून लिहा. शेड खरोखर स्वतःच्या पायावर चालते की घराच्या, हे त्याशिवाय कुणालाच कळणार नाही, आणि ज्यांचे पैसे गेले त्यांना ते कळण्याचा हक्क आहे. वही घरातल्या दुसऱ्या कुणाकडं, बायको, बहीण किंवा निवृत्त वडिलांकडं, सोपवता आली तर फार चांगलं. कर सल्लागार विवरणपत्र भरून देतो. कोणत्या गिऱ्हाइकाची मुदत उद्या भरते, हे सांगणं त्याचं काम नव्हे.

असंही म्हटलं जातं की मोठे झाले ते असे हिशेब करत बसले नाहीत, त्यांनी उडी घेतली. इथं लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते द्यावंच असं आहे. पण ते नीट पाहावं. त्यांनी लोखंडी नांगर बनवले तेव्हा लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, अशी समजूत होती, आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं काढता आली, कारण लक्ष्मणराव नुसत्या नांगरावर अवलंबून नव्हते. बेळगावात सायकलींचं दुकान १८८८ पासून होतं, कडबा कापण्याचं यंत्र आधी झालं होतं. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती औंधच्या संस्थानिकांच्या पाठबळावर. धाडस होतंच, पण किती दिवस कळ काढता येईल याची सोयही त्याच्या जोडीला होती. आजच्या नव्या उद्योजकाला औंधचे महाराज भेटणार नाहीत. त्याच्या जागी वेळेवर मागितलेलं कॅश क्रेडिट आहे, उद्यमचा क्रमांक आहे आणि सहीशिक्क्याचं चलन आहे.

आणखी एक मशीन कधी घ्यावं, हा प्रश्न वर्षभरात उभा राहतोच. मशीन विकणारा डेमो दाखवतो, बँकही मागच्या हप्त्यांची शिस्त पाहून तयार असते. त्या वेळी मागच्या सहा महिन्यांचा रोजमेळ घेऊन बसा आणि सरासरीनं बिलं किती दिवसांनी सुटली ते काढा. तो आकडा साठच्या वर असेल तर नवं मशीन सध्या नको. आधी जुन्या गिऱ्हाइकांची मुदत आवळा किंवा कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्या. तोवर हातात मावत नसलेलं काम शेजारच्या शेडला देता येतं. मूळ कंपनीला कळवून, चलनावर तशी नोंद करून एका जॉबवर्करकडून दुसऱ्याकडे माल पाठवायला जीएसटीत परवानगी आहे. त्या शेडवाल्याची उद्यम नोंदणी असेल तर त्याचे पंचेचाळीस दिवसही आपल्या वहीत लिहून ठेवा आणि ते उलटायच्या आत त्याचं बिल चुकतं करा.